पाठ

मानेवाड्याला टाइल्सच्या शोरूमवर, दुसऱ्या माळ्यावर
आमचं जिम आहे. आठ कोनांचा पिंजरा, खाली काळी गादी,
मे महिन्यात ती तापते आणि टायरसारखी वास मारते.
मी इथं पोरांना पट काढायला शिकवतो.
ती त्याला टेकडाऊन म्हणतात. म्हणोत.
गुडघा तोच, कंबर तीच,
आणि माझे दोन्ही कान, मोडून गोळा झालेले,
ओळखपत्र म्हणून दोन्हीकडे चालतात.

पाचपावलीला, गोमाजी हेडाऊंच्या आखाड्यात
अठरा वर्षं एकच धडा होता:
पाठीला माती लागू द्यायची नाही.
दर रविवारी तिच्यात ताक, तेल, हळद,
लिंबं चिरून टाकायचो, फावड्यानं वरखाली करायचो.
एवढ्या लाडाची माती. आपण होऊन सगळ्या अंगाला चोळायची,
फक्त पाठीला दुसऱ्यानं लावली की संपलं.
वस्ताद दिवसा हातमागावर बसत.
म्हणायचे, "पाठ म्हंजे लुगड्याची उलटी बाजू बे.
गाठी रायतात तिथं. लोकायले कायले दाखवतं?"

माझी पहिली फाइट कोराडी रोडच्या एका लॉनवर होती,
आदल्या रात्रीच्या लग्नाची झेंडूची फुलं अजून कुंपणाला.
समोर रायपूरचा डोमन साहू.
चाळीस सेकंदांत उचलला आणि आपटला.
दोन्ही खांदे टेकले. मी पंचाकडे पाहिलं, सवयीनं.
पंच गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होता.
शिट्टी नाही. माझा हात कुणी वर केला नाही.
आणि खाली डोमन साहू
चीत पडल्या पडल्या हसत होता.

चीत पडलेला माणूस हसताना
मी तोवर पाहिला नव्हता.

त्याचे पाय माझ्या कंबरेला गाठ मारून बसले.
कसा कोण जाणे, तो वर आला, मी खाली गेलो,
आणि रविवारची सगळी माती माझ्या आत ओरडली,
पालथा हो!
झालो पालथा. पाठ वाचली.
हनुवटीखाली त्याची कोपर आली.

ज्या तळव्यानं मांडीवर शड्डू ठोकत आलो
त्याच तळव्यानं गादीवर तीनदा थापटलं,
हळू,
घरात पाहुणा झोपलाय अशा बेतानं.

वस्तादांना कुणीतरी ते मोबाइलवर दाखवलं.
दोन वर्षं बोलले नाहीत.

परवा आले. सत्त्याहत्तर वय, गुडघ्याला पट्टा, अठ्ठावीस पायऱ्या.
पिंजऱ्याच्या दाराशी चप्पल काढली,
गादीला हात लावून कपाळाला लावला,
मग अंगठ्यानं दाबून पाहिली, ओल बघतात तशी.
"हिले पाणी कधी मारता बे?"
पोरं हसली. हसू दिलं त्यांनी.
"दाखव," मला म्हणाले, "त्या पोट्ट्यानं का केलं त."
म्हटलं, त्यासाठी खाली पडावं लागते, वस्ताद. पाठीवर.

बराच वेळ नुसता कूलरचा आवाज.
मग पायजमा वर ओढून बसले, एक हात टेकला,
कोपर टेकलं, आणि एकेक मणका मोजत
कामठीपासून उमरेडपर्यंत कुणाला न सापडलेली ती पाठ
त्यांनी स्वतः खाली ठेवली.

सांगितले तसे गुडघे वर घेतले.
मी अंगावर गेलो तर दोन्ही पायांनी असा थोपवला
की मागचा पाय शोधावा लागला मला.
साठ वर्षं मागाच्या पावड्या दाबलेले पाय.
"असं?"
"असंच."

उठवायला हात दिला, तो घेतला नाही.
छताकडे बघत पडून राहिले.
"त्या पंख्याले जाळं लागलं आहे," म्हणाले.
"कोणी झाडत नाही काय?"